हेडसेटच्या तारेवरील कळ : एका संकेतव्यवस्थेचा इतिहास

संकेत आणि त्याचा अर्थ यांचा संबंध निसर्गसिद्ध नसून समाजमान्य असतो, हे तत्त्व फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने १९१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यापासून भाषाभ्यासात रूढ झाले आहे. या तत्त्वाची प्रचीती केवळ मानवी भाषेतच येते असे नाही. कानाला लावावयाच्या हेडसेटच्या तारेवर जी लहानशी कळ असते, तिचा इतिहास पाहिला असता हेच तत्त्व तेथेही आढळते. ती कळ एका फोनवर चालते आणि दुसऱ्यावर मुकी राहते. यात कळीचा दोष क्वचितच असतो. बहुधा दोष असतो तो दोन पक्षांत संकेताविषयी एकमत नसण्याचा.

या इतिहासाचा आरंभ टेलिफोन केंद्रांपासून होतो. पहिले व्यापारी टेलिफोन केंद्र अमेरिकेतील न्यू हेवन येथे १८७८ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांतून तारा जोडण्यासाठी जो प्लग प्रचारात आला, त्याचा व्यास पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर होता. त्याच्या भागांना टोक, कडे आणि बाही या अर्थाची इंग्रजी नावे मिळाली व ती आजतागायत टिकली आहेत. ३.५ मिलिमीटरचा प्लग हा याच घराण्यातील धाकटा वंशज होय. १९७९ मध्ये सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला, तेव्हा त्याला अशी दोन छिद्रे होती. परंतु त्याच्या सर्व कळा पेटीवर होत्या. तार केवळ ध्वनी वाहून नेत असे.

तारेने आज्ञाही वाहून न्यावी, ही कल्पना व्यवहारात सुलभ झाली ती एका वेगळ्याच शोधामुळे. बेल प्रयोगशाळेतील गेर्हार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रेट मायक्रोफोन विकसित केला. आकाराने लहान व किमतीने स्वस्त असा हा माइक पुढे फोनच्या हेडसेटमध्ये सर्वत्र बसविला जाऊ लागला. त्याला अल्पसा विद्युद्दाब सतत पुरवावा लागतो, आणि हा पुरवठा ध्वनीच्याच तारेतून होतो. तारेवरील कळ दाबली की माइकची तार परतीच्या तारेला जोडली जाते व तो दाब एकाएकी कोसळतो. उपकरण त्या कोसळण्यालाच आज्ञा समजते. येथे माइकचे मौन हाच संकेत ठरला, असे म्हणता येईल.

तथापि चौथ्या वाहकाची भर पडताच मतभेद उत्पन्न झाला. डावा कान व उजवा कान यांची स्थाने ठरलेलीच होती. प्रश्न उरला तो माइक आणि परतीची तार यांचा. ओएमटीपी या संघटनेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत माइक दुसऱ्या कड्यावर व परतीची तार बाहीवर असते. सीटीआयए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत हा क्रम नेमका उलट आहे. २००७ मध्ये आलेल्या आयफोनने हा दुसरा क्रम स्वीकारला व कालांतराने तोच प्रबळ ठरला. एका रचनेचा हेडसेट दुसऱ्या रचनेच्या फोनला लावला असता गायकाचा आवाज क्षीण व पोकळ येतो. मात्र कळ दाबून धरली तर संगीत पूर्ववत ऐकू येते. याचे कारण असे की, परतीचा मार्ग माइकमधून गेल्याने अडलेला असतो आणि कळ तो मोकळा करून देते. ग्राहक मात्र हेडसेट नादुरुस्त झाला असे समजून टाकून देतो.

कळा एकाच्या तीन झाल्या तेव्हा दुसरा भेद निर्माण झाला. ॲपलने मधली कळ पूर्ववत ठेवली. परंतु आवाज वाढविण्याच्या व कमी करण्याच्या कळांसाठी तारेवरच एक चिप बसवून मानवी कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च स्वरांचा अवलंब केला. मार्च २००९ मधील आयपॉड शफलवर तर गाणी बदलण्याची एकही कळ नव्हती; साधे इयरफोन लावणाऱ्याला गाणे बदलणे अशक्य झाले. २०१० मध्ये कळा पुन्हा पेटीवर आल्या. अँड्रॉइडच्या नियमांनी विद्युत्‌रोधाचा मार्ग पत्करला. ७० ओहम किंवा कमी म्हणजे मुख्य कळ, ११० ते १८० म्हणजे वाणीद्वारे आज्ञा, २१० ते २९० म्हणजे आवाज वाढविणे आणि ३६० ते ६८० म्हणजे आवाज कमी करणे. त्यामुळे ॲपलच्या हेडसेटची मधली कळ अँड्रॉइडवर सहसा चालते व कडेच्या दोन कळा निरुत्तर राहतात.

या मर्यादा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित वाटतील. २१५ आणि २८५ ओहम या भौतिकदृष्ट्या भिन्न राशी असूनही व्यवस्थेच्या दृष्टीने एकच होत. जसे उच्चारात भिन्न असलेले स्वन एकाच स्वनिमात सामावतात. २९५ ओहमला मात्र या व्यवस्थेत स्थान नाही. पुढची पायरी अर्थाची. मुख्य कळीचा एकच संकेत फोन वाजत असता 'उत्तर दे' असा व गाणे चालू असता 'थांब' असा घेतला जातो. मराठीत 'जग' ही अक्षरे विश्ववाचक की जगण्याची आज्ञा, हे वाचक संदर्भानेच ठरवितो. तसाच हा प्रकार आहे.

म्हणून कळ चालत नसेल तर शोधही याच क्रमाने करणे युक्त ठरते. प्रथम प्लगवरील वाहकांचा क्रम पाहावा. नंतर रोधाचे मूल्य मर्यादेत येते की नाही हे तपासावे. त्यानंतर उपकरणाच्या प्रणालीने त्या मूल्याला योग्य क्रमांक दिला आहे काय, आणि अखेरीस चालू असलेला कार्यक्रम तो क्रमांक ऐकतो काय, हे पाहावे. यांपैकी एक दुवा तुटला तरी संदेश पोहोचत नाही.

२०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचे छिद्र वगळण्यात आले आणि इतर अनेक उत्पादकांनीही पुढे तोच मार्ग धरला. यूएसबी हेडसेटमध्ये कळीचा अर्थ विद्युद्दाबावर अवलंबून नसून पूर्वनियोजित क्रमांकांवर अवलंबून असतो. वाहन बदलले, पण एकमताची गरज संपली नाही. एकमत लांबले त्या काळात त्याचे मूल्य ग्राहकाने भरले; संकेत ठरविणारे थोडे आणि त्याचे परिणाम भोगणारे पुष्कळ, ही गोष्ट या छोट्या कळीच्या इतिहासातून स्पष्ट होते.