नॉटिलसची वाटचाल आणि परभणीच्या खेळाडूचं मागणं

क्रिकेटचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसाइतका चिवट ग्राहक शोधून सापडायचा नाही. रात्री अकराला तो चिडून गेम काढून टाकतो, प्ले स्टोअरवर एक तारा देतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच गेम पुन्हा उतरवून घेतो. परभणी, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांपैकी कुठेही जा, बसस्थानकावर किंवा कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात मोबाइल आडवा धरून अंगठ्याने षटकार मारणारी मुलं दिसतात. त्यांच्या हातातल्या खेळाची कथा सांगायची, तर ती महाराष्ट्रातच घडलेली आहे. ‘रिअल क्रिकेट’ ही मालिका बनवणारी नॉटिलस मोबाइल ही कंपनी २०१३ साली सुरू झाली. तिच्या आजवरच्या वाटचालीत भांडवल अनेकांनी घातलं. पण तिला पुढे ढकललं ते खेळाडूंच्या तक्रारींनी, आणि हे लेखन त्या तक्रारींची बाजू मांडण्यासाठी आहे.

आधीचा काळ

नॉटिलस येण्याआधी भारतातल्या क्रिकेट गेमरचा देव म्हणजे ‘क्रिकेट ०७’. ईए स्पोर्ट्स या अमेरिकी कंपनीने २००६च्या नोव्हेंबरात तो बाजारात आणला. बनवला होता कॅनडातल्या एचबी स्टुडिओज या संस्थेने. सायबर कॅफेत, मित्राच्या संगणकावर, कॉपी केलेल्या सीडीवरून तो गावोगाव पोचला. अधिकृत परवाना होता तो प्रामुख्याने इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांचा, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड होऊन पडद्यावर यायची. तरी पोरांनी तो डोक्यावर घेतला.

त्यानंतर ईएने क्रिकेटकडे पाठ फिरवली. फुटबॉलचा गेम दरवर्षी निघत राहिला, क्रिकेटचा पुढचा भाग आलाच नाही. खेळाडूंनी मग स्वतःच काम हाती घेतलं. संघ बदलणारे, जर्सी आणि मैदानं बदलणारे, आयपीएल घालणारे ‘पॅच’ त्यांनी तयार केले आणि हा एक गेम पुढची अनेक वर्षं जिवंत ठेवला. कंपनीने सोडून दिलेला खेळ खेळाडूंनी विनामोबदला सांभाळला. क्रिकेट गेमच्या इतिहासात याहून मोठी निष्ठा दुसरी नाही.

या निष्ठेची फसवणूकही झाली. २०१३च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅशेस क्रिकेट २०१३’ संगणकावर आला. क्षेत्ररक्षक भलतीकडे धावत होते, चेंडूचा आणि बॅटचा मेळ नव्हता. काही दिवसांतच तो विक्रीतून काढून घ्यावा लागला आणि ५०५ गेम्स या प्रकाशक कंपनीने ग्राहकांचे पैसे परत केले. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने २०१४ साली ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आणून संगणक आणि कन्सोलवरची पोकळी भरून काढली. पण हजारो रुपयांचं कन्सोल आणि त्यावर गेमची वेगळी किंमत, हे गणित परभणीतल्या किती घरांना परवडणार? आपल्याकडच्या खेळाडूचं मैदान मोबाइल हेच असणार होतं.

२०१३ : सुरुवात

हे मैदान अनुज मानकर यांनी ओळखलं. त्यांनी नॉटिलस सुरू केली तेव्हा भारतात स्मार्टफोन नुकता सामान्य माणसाच्या खिशात येऊ लागला होता. चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह कंपनीची ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ मालिका आधीच मैदानात होती. त्या चुरशीतून ‘रिअल क्रिकेट १४’ आला आणि पुढे १६, १७, १८, १९, २० अशा आवृत्त्या निघत गेल्या. गेम फुकट, कमाई जाहिरातींतून आणि गेमच्या आत होणाऱ्या खरेदीतून, अशी ही व्यवस्था.

मोबाइलवर क्रिकेट उभं करणं फुटबॉलहून अवघड. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर त्या अर्ध्या सेकंदात डोळ्याला ३० चित्रं मिळतात. फोन दमला आणि वेग २० चित्रांवर आला, की मिळतात फक्त १०. गेम बनवणारे हा वेळ थोडा ताणून देतात, तरी हिशेब तोच राहतो. महागड्या फोनवर चेंडू येताना दिसतो, स्वस्त फोनवर तो उड्या मारत येतो. ‘टायमिंग बरोबर होतं, तरी बोल्ड कसा झालो?’ ही तक्रार करणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याने अंगठा टेकवला तेव्हा चेंडू पडद्यावर एका जागी होता आणि गेमच्या हिशेबात दुसऱ्याच जागी.

नॉटिलसचं खरं शिक्षण या अडचणीतून झालं. दरवर्षी फोन बदलणाऱ्या ग्राहकासाठी गेम बनवणं सोपं असतं. थोरल्या भावाचा जुना फोन वापरणाऱ्या मुलासाठी तो बनवायचा, तर प्रत्येक चित्राचा आणि प्रत्येक एमबीचा विचार करावा लागतो.

स्वस्त डेटा आणि ‘आरसी २०’

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे भाव कोसळले. आधी एखादा गेम उतरवायचा म्हणजे महिन्याचा डेटा खर्ची पडायचा. आता रोजच्या कोट्यात अपडेट बसू लागलं. मालिकेचा खरा विस्तार या काळात झाला, आणि ‘रिअल क्रिकेट २०’ म्हणजेच ‘आरसी २०’ हा तिचा सर्वांत लाडका भाग ठरला.

या भागात खेळाडूंना पुष्कळ काही मिळालं. १९७५पासूनचे विश्वचषक पुन्हा खेळता येऊ लागले. गुलाबी चेंडूची कसोटी आली. लिलाव करून संघ बांधायची लीग आली. बॅटची कड लागली का हे दाखवणारं तंत्र आलं. दोघांविरुद्ध दोघे असा सामनाही ऑनलाइन खेळता येऊ लागला. समालोचनाला संजय मांजरेकरांचा आवाज होता, स्त्री समालोचकांचा आवाजही होता. मैदानांच्या यादीत मेलबर्न, लंडन आणि केप टाउनच्या जोडीला मुंबई आणि पुणं होतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं अभिमानाने म्हणणाऱ्या मुलाला पुण्याच्या मैदानावर जगभरच्या संघांना हरवता येऊ लागलं, ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

आवृत्ती इतकी आवडती झाली की पुढच्या प्रत्येक आवृत्तीची तुलना तिच्याशीच होऊ लागली. ‘ग्राफिक्स भारी आहेत, पण आरसी २०ची मजा नाही’ हे वाक्य आजही ऐकू येतं. नवा गेम दिसायला देखणा होतो तसा फोनला जड होतो. जुन्या आवृत्तीत मेहनतीने उघडलेल्या गोष्टी नव्यात पुन्हा शून्यापासून मिळवायच्या असतात. बाहेरून हा हट्ट वाटेल. पण ज्याने शेकडो सामने खेळून आपला संघ घडवला, त्याच्या दृष्टीने ते कष्ट पुसले गेलेले असतात.

नावांचा प्रश्न

या खेळाची सर्वांत जुनी ठुसठुस म्हणजे खेळाडूंची नावं. एक-दोन अक्षरं बदललेली नावं, ओळखीचे वाटूनही वेगळे असलेले चेहरे. यामागचं कारण कायद्यात आहे. संघाचं नाव आणि जर्सी क्रिकेट मंडळाच्या मालकीची. खेळाडूचं नाव आणि चेहरा त्याच्या स्वतःच्या व्यावसायिक हक्कात मोडतो. आयपीएलचे संघ वेगळ्याच मालकांचे. प्रत्येक दारात वेगळा करार आणि वेगळी रक्कम.

‘रिअल क्रिकेट २४’च्या वेळी नॉटिलसने विनर्स अलायन्स या संस्थेशी करार केला आणि अनेक आंतरराष्ट्रीय खेळाडू खऱ्या नावांनिशी गेममध्ये आले. ही संस्था खेळाडूंच्या संघटनांच्या वतीने एकत्रित हक्क देते. इंग्लंड, ऑस्ट्रेलियात अशा संघटना आहेत. भारतात सध्या खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची अशी संघटना नाही. २०१९ साली स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्तांची आहे. त्यामुळे परदेशी खेळाडू एका करारात मिळू शकतात, आपले मात्र एकेक करून मिळवावे लागतात. भारतात बनलेल्या, भारतात भरपूर खेळल्या जाणाऱ्या गेममध्ये आपलेच खेळाडू सर्वांत दुर्मीळ व्हावेत, ही खेळाडूंची खंत रास्त आहे. तिचं उत्तर एकट्या कंपनीकडे नाही. मंडळ आणि खेळाडू यांनी पुढे येण्याची गरज आहे.

पुणे ते सोल

मालकीच्या बाबतीतही ही वाटचाल मोठी आहे. पुण्यात राजन नवानी यांच्या जेटसिंथेसिस कंपनीने डिसेंबर २०१७मध्ये ‘सचिन सागा क्रिकेट चॅम्पियन्स’ आणून या क्षेत्रात पाऊल टाकलं होतं. त्यात सचिन तेंडुलकरचा प्रवास खेळाडूला स्वतः खेळून पाहता येत होता. २०२० साली याच कंपनीने नॉटिलस ताब्यात घेतली. २०२२च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने नॉटिलसमध्ये ५४ लाख डॉलर गुंतवले, आणि मार्च २०२५मध्ये सुमारे ११८ कोटी रुपये मोजून नियंत्रणाचा हिस्सा घेतला. क्राफ्टन म्हणजे पबजी आणि बीजीएमआयची मालक कंपनी. सोलमधली कंपनी आपल्या क्रिकेट गेमवर इतकी रक्कम लावते, यात नॉटिलसने बारा वर्षांत कमावलेली पत दिसते.

मोठं भांडवल आलं की आशा वाढते आणि धास्तीही. आशा अशी की आता चांगलं ॲनिमेशन, सुदृढ सर्व्हर, खरे परवाने मिळतील. धास्ती अशी की प्रत्येक फटक्याला, प्रत्येक बॅटला किंमत लागेल. परदेशी फुटबॉल गेममध्ये पत्त्यांची बंद पाकिटं विकत घेऊन संघ बांधायची पद्धत रुळली आहे, आणि पैसे घालणारा जिंकतो ही तिथल्या खेळाडूंची कायमची कुरकुर आहे. कोनामी कंपनीचं उदाहरणही समोर आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी तिने ‘ई-फुटबॉल २०२२’ अपुऱ्या अवस्थेत बाजारात आणला, चेहरे विद्रूप दिसले, जगभर टीका झाली आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. वर्षानुवर्षं जमवलेला विश्वास एका दिवसात कसा जातो, हे नॉटिलसच्या नव्या मालकांनी त्यातून शिकावं.

पुढचा टप्पा

सरकारी पातळीवर वारं अनुकूल झालं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देऊन प्रोत्साहनाची वाट खुली केली. जुगार आणि खेळ यांच्यातली रेषा कायद्यानेच आखल्यामुळे, मुलगा मोबाइलवर क्रिकेट खेळतो म्हणून घाबरणाऱ्या आईवडिलांना आता नीट समजावता येईल. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत फुटबॉलच्या व्हिडिओ गेमला पदकं होती, क्रिकेटच्या गेमला जागा नव्हती. क्रिकेटच्या गेमने त्या मंचावर जायचं, तर पुढाकार भारतीय संस्थेनेच घ्यायला हवा.

तिथे पोचायच्या आधी घरचं मागणं पूर्ण व्हावं. परभणीच्या खेळाडूचं मागणं अवाजवी नाही. दोन-तीन वर्षं जुन्या फोनवर गेम अडखळू नये. रेंज गेली तरी करिअर मोड बंद पडू नये. शेवटच्या षटकात जाहिरात मध्ये येऊ नये. बाद दिलं तर का दिलं, हे दिसावं. टायमिंग किती चुकलं, चेंडू कुठे पडला, बॅटची कड कुठे लागली, हे सगळं. पुस्तकाची पानं उलटून धावा मोजणाऱ्या ‘बुक क्रिकेट’मध्ये आकडा दोघांच्याही डोळ्यांसमोर असायचा, म्हणून हरणारा भांडला तरी मान्य करायचा. मोबाइलमधला निर्णय आतल्या आत होतो, म्हणून ‘गेमच आपल्याला हरवतो’ असा संशय पिकतो. हिशेब उघड केला की हा संशय संपेल.

आणखी एक मागणं भाषेचं आहे. बाळ पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगितलं आणि बैलगाडीत बसलेल्या शेतकऱ्यालाही कसोटी समजली. मराठी समालोचनाची ती परंपरा मोबाइलवर पूर्ण तयारीनिशी, जाणत्या आवाजात यायला हवी. ज्या राज्यात ही संस्था वाढली, त्या राज्याचा तो हक्कच आहे.

नॉटिलसने एका तपात मोठा पल्ला गाठला, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटायला हवा. परदेशी कंपन्यांनी सोडून दिलेला खेळ आपल्या माणसांनी उचलला, स्वस्त फोनवर उभा केला आणि कोट्यवधींच्या हातात दिला. आता संस्थेने एक काम नेमाने करावं. पुढची आवृत्ती मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेबरोबरच जिंतूर-गंगाखेडच्या मुलांच्या फोनवरही तपासावी, त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं, आणि कोणती तक्रार दूर केली, कोणती राहिली, हे प्रत्येक अपडेटच्या वेळी मराठीत जाहीर करावं. एक तारा देऊनही पुन्हा गेम उतरवणाऱ्या या खेळाडूंनी संस्थेला आजवर भरपूर संधी दिली आहे. त्यांना उत्तर मिळणं हाच या वाटचालीचा पुढचा टप्पा असायला हवा.