गोशोभोवतीच्या फेऱ्या

क्योतो शहराच्या मध्यभागी जपानच्या सम्राटांचा जुना वाडा आहे. त्याला गोशो म्हणतात. आज त्याच्याभोवती मोठे उद्यान आहे आणि उद्यानातले रस्ते जाड खडीचे आहेत. दोन वर्षांपूर्वी भाचीकडे गेलो होतो, तेव्हा त्या खडीवरून वाड्याच्या भिंतीला एक फेरी घातली. वाडा उत्तर-दक्षिण साधारण साडेचारशे मीटर आणि पूर्व-पश्चिम अडीचशे मीटर आहे, म्हणजे एका फेरीला चौदाशे मीटर चालावे लागते. उन्हाळ्याचे दिवस होते. एका फेरीतच माझे पाय बोलू लागले.

ही फेरी मी हौसेने घातली नाही. आपल्या संस्थेच्या बैठकीत एका तरुणाने विचारले होते, "काका, लोक आपल्याच सरकारविरुद्ध खरोखर उठतात का? की ते फक्त पुस्तकात असते?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नव्हते. उत्तराचा एक मोठा तुकडा त्या भिंतीशी सापडला, म्हणून शताब्दीच्या या स्मरणिकेत तो मांडतो.

1787 साल. पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती आणि कारभार नाना फडणीस पाहत होते. छत्रपती साताऱ्यात होते, त्यांच्या नावाने राज्य चाले. सत्ता मात्र पुण्यात. जपानची घडी ज्याला समजून घ्यायची असेल त्या मराठी माणसाला यापेक्षा सोपी तुलना मिळणार नाही. सम्राट क्योतोत, त्याच्या नावाला मान अपार. पण राज्य एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, शोगुनचे. सम्राटाने काय करावे याचे नियम शोगुनशाहीने 1615 मध्येच लिहून दिले होते, आणि राज्यकारभारात बोलणे त्यात बसत नव्हते. क्योतोवर लक्ष ठेवायला शोगुनचा एक बडा अधिकारी तिथेच बसलेला असे.

त्या वर्षी देशात दुष्काळाचे पाचवे-सहावे वर्ष चालू होते. 1783 मध्ये आसामा ज्वालामुखी फुटला होता, थंडीने आणि पुराने पिके गेली होती, आणि असलेला तांदूळ व्यापाऱ्यांच्या कोठारांत जात होता. उन्हाळ्यात ओसाका आणि एदो इथे लोकांचा धीर सुटला. एदोत चार-पाच दिवसांत तांदळाची शेकडो दुकाने फोडली गेली. त्या फोडाफोडीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बऱ्याच ठिकाणी लोकांनी तांदूळ लुटून नेला नाही, रस्त्यावर ओतला. आम्ही चोर नाही, असे त्यांना सांगायचे होते.

क्योतोत लोकांनी दुकाने फोडली नाहीत. त्यांनी शहराच्या अधिकाऱ्यांकडे अर्जविनंत्या केल्या. उपयोग झाला नाही. मग जुलैच्या उत्तरार्धात काही माणसे गोशोच्या भिंतीभोवती चालू लागली. जपानात देवळाला शंभर किंवा हजार खेपा घालून नवस बोलण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे पिंपळाला किंवा मारुतीला प्रदक्षिणा घालतात तसेच. फरक एवढाच की इथे देऊळ नव्हते, राजवाडा होता. माणसे भिंतीला फेरी घालत, दक्षिणेच्या दरवाजासमोर थांबून हात जोडत, नाणे टाकत आणि पुन्हा चालू लागत. तांदूळ स्वस्त व्हावा, एवढेच मागणे.

पहिल्या दिवशी मोजकी माणसे होती. तीन-चार दिवसांत रोज 30,000 लोक येऊ लागले आणि पुढे हा आकडा 70,000 वर गेला, असे त्या काळच्या नोंदी सांगतात. आकडे थोडे फुगलेले असतील. गर्दी मोजणाऱ्याचा हात सगळीकडेच सैल असतो. पण ओसाका आणि ओमी प्रांतातूनही माणसे आली, हे नक्की. या प्रकाराला 'गोशो सेंदो माइरी' असे नाव पडले. गोशोच्या हजार वाऱ्या, असे आपण म्हणू.

आत काय चालले होते? राज्य सोडून निवृत्त झालेली सम्राज्ञी गो-साकुरामाची तिथे होती. तिच्यानंतर आजपर्यंत जपानच्या गादीवर स्त्री बसलेली नाही. तिने बाहेर चालणाऱ्यांना 30,000 सफरचंदे वाटायला लावली. जपानची त्या वेळची सफरचंदे लहान असत, एकेकाच्या हातावर एकेक. शेजारच्या सरदार घराण्यांतून कोणी चहा दिला, कोणी भाताचे मुटके दिले. उन्हात चालणाऱ्या वारकऱ्यांना वाटेवरचे गाव जसे पाणी आणि भाकरी देते तसे ते दृश्य असणार. सम्राट कोकाकु तेव्हा पुरता सोळा वर्षांचाही झाला नव्हता. तो धाकट्या पातीतून दत्तक आलेला, म्हणजे आतल्या गोटात त्याचे वजन कमीच. तरी त्याने शोगुनच्या अधिकाऱ्यामार्फत एदोला कळवले की लोकांसाठी काहीतरी करा. हे सरळसरळ 1615 च्या नियमांबाहेर होते. शोगुनशाहीने त्याला शिक्षा केली नाही, जाब विचारला नाही. सरकारी तांदूळ क्योतोत वाटायला काढला.

इथे गोष्ट गोड करून थांबवता येईल. शांतपणे चाललेल्या लोकांपुढे सरकार नमले, असे म्हणून टाळ्या घेता येतील. मला ते पटत नाही. एदोतली दुकाने फुटली ती क्योतोतल्या फेऱ्या सुरू होण्याच्या जेमतेम पंधरा दिवस आधी. शोगुनच्या दाराशीच राजधानी चार दिवस हाताबाहेर गेली होती. क्योतोचे पत्र पोचले तेव्हा ती भीती ताजी होती. क्योतोकर हात जोडून चालले हे खरे, पण त्या हात जोडण्यामागे एदोचा आवाज होता, आणि तो दोन्हीकडच्या लोकांना ऐकू येत होता. त्या फेऱ्यांना नुसता नवस म्हणणे भाबडेपणाचे आहे, तसेच नुसता मोर्चा म्हणणेही उतावीळपणाचे. चालणाऱ्या बाईला विचारले असते तर ती म्हणाली असती, मी देवदर्शनाला आले आहे. तिला पकडायचे कोणत्या कलमाखाली?

क्योतोचे लोक मुळातच नरम, असे कोणी म्हणेल. त्याने साडेतीनशे वर्षे मागे जावे. 1428 मध्ये क्योतोजवळच्या ओमी प्रांतात घोड्यांवरून माल वाहणारे हमाल प्रथम उठले, मग शेतकरी. त्यांचे मागणे कर्जमाफीचे होते. सावकार, दारूच्या भट्ट्या आणि कर्ज देणारी देवळे यांवर ते चालून गेले. तिथले गहाणखत, कर्जरोखे काढून त्यांनी फाडले. नारा इथल्या एका मठाधिपतीने नोंद केली की जपानची सुरुवात झाल्यापासून सामान्य लोक उठल्याची ही पहिलीच वेळ. 1441 मध्ये शोगुनचा खून झाला आणि गादी डळमळली. लगेच हजारोंनी क्योतोला येणाऱ्या वाटा अडवल्या आणि तोजीसारखी मोठी देवळे ताब्यात घेतली. सरकार म्हणाले, शेतकऱ्यांपुरती माफी देतो. लोक म्हणाले, सर्वांनाच द्या. शेवटी तसा हुकूम निघाला.

1485 मध्ये तर याहून मोठी गोष्ट झाली. क्योतोच्या दक्षिणेला यामाशिरो प्रांतात एकाच घराण्याच्या दोन भाऊबंदांची सैन्ये वर्षानुवर्षे लढत होती. शेते तुडवली जात होती. गावोगावचे 15 ते 60 वयाचे लढवय्ये एकत्र आले, शेतकरीही जमले, आणि त्यांनी दोन्ही सैन्यांना प्रांताबाहेर जायला सांगितले. सैन्ये गेली! पुढल्या वर्षी उजी गावच्या ब्योदो-इन देवळात बैठक भरवून त्यांनी आपले नियम ठरवले आणि सुमारे आठ वर्षे प्रांताचा कारभार स्वतः चालवला. 1493 मध्ये आपसातल्या फुटीने तो संपला. ही फूट आपल्याला अनोळखी नाही.

असे उठाव करणारे लोक आधी शपथ लिहीत, सह्या करत, तो कागद जाळून राख देवाच्या पाण्यात कालवून सगळे पीत. पुढच्या काळात शेतकऱ्यांनी अर्जावर छत्रीच्या काड्यांसारख्या गोल सह्या करण्याची युक्ती काढली. पहिले नाव कोणाचे ते कळू नये, म्हणजे म्होरक्या म्हणून कोणाची मान जाऊ नये.

हे वाचताना मला पुणे जिल्ह्यातले सुपे आठवत राहिले. 12 मे 1875, बाजाराचा दिवस. कापसाचे भाव पडलेले, सारा वाढवलेला, जमिनी सावकाराकडे गहाण. कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांतून वह्या आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच झाले. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. लोकांना सावकार नको होता असे नाही. तो कागद नको होता. ओमीतला हमाल आणि सुप्याचा कुणबी यांच्यामध्ये साडेचार शतके आणि एक समुद्र आहे, तरी दोघांनाही नेमके कोठे हात घालायचा ते कळले होते. इंग्रज सरकारने लष्कर पाठवले, धरपकड केली, चौकशी नेमली आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. क्रम पाहण्यासारखा आहे.

आणि आपले काय? मुंबई बंदरातून, रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून आपली माणसे मॉरिशसला आली ती एका कागदावर अंगठा देऊन. करार संपल्यावरही 1867 च्या कायद्याने जुन्या आप्रवाशांना छायाचित्र लावलेला परवाना खिशात बाळगावा लागे. नसला तर भटक्या म्हणून तुरुंग. 1871 मध्ये आडोल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या जमीनदाराच्या मदतीने 9,401 जुन्या आप्रवाशांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. बागायतदार चवताळले, द प्लेविट्झला बेटाबाहेर काढा म्हणू लागले. 1872 मध्ये राजाज्ञेने आयोग आला. त्याचा अहवाल 1875 चा, म्हणजे सुप्याच्याच सालचा. 1878 मध्ये कायदा बदलला. हा अर्ज मला क्योतोच्या फेऱ्यांचा सख्खा भाऊ वाटतो. लिहिता न येणाऱ्या हजारो माणसांनी एकेक करून दाराशी उभे राहून आपले नाव सांगितले.

पण दरवेळी दार उघडत नाही. 1937 च्या ऑगस्टमध्ये 'उबा' जातीच्या उसाचा भाव कारखान्यांनी कमी दिला. छोटे शेतकरी आणि मजूर संतापले, आणि युनियन फ्लाक इथे गोळीबार होऊन चौघे मेले. 1943 मध्ये बेल व्ह्यू आरेल इथे पुन्हा गोळ्या सुटल्या. अंजले कूपन तिथे पडली, ती गरोदर होती. तिचे नाव आज क्रीडांगणाला आहे. आपल्या मुलांना क्रीडांगण माहीत असते.

क्योतोतही दार नेहमी उघडले नाही. 10 ऑगस्ट 1918 च्या संध्याकाळी रेल्वे स्टेशनजवळच्या यानागिहारा वस्तीतले लोक तांदळाच्या दुकानांवर गेले. महायुद्धाच्या तेजीत तांदळाचा भाव दुपटीवर गेला होता आणि सैबेरियात सैन्य जाणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी साठे दाबले होते. तोयामाच्या किनाऱ्यावर कोळणींनी सुरू केलेली ही दंगल मोठ्या शहरांपैकी प्रथम क्योतोत पेटली. मापाला 30 सेन या भावाने तांदूळ विका, ही लोकांची मागणी. सैन्य आले. यानागिहारा ही जपानने अस्पृश्य ठरवलेल्या लोकांची वस्ती. देशभर सर्व थरांतले लोक दंगलीत होते, पण शिक्षा झालेल्यांत या लोकांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे निघाले. सप्टेंबरमध्ये तेराउची मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सरकार पडले आणि गरीब तुरुंगात गेले, दोन्ही एकाच दंगलीने. साडेतीन वर्षांनी, 3 मार्च 1922 ला, याच समाजाच्या लोकांनी क्योतोच्या ओकाझाकी सभागृहात आपली देशव्यापी संघटना, सुइहेइशा, स्थापन केली.

बैठकीतल्या त्या तरुणाला मी आता एवढे सांगेन: उठतात, पण आधी बरेच चालतात. अर्ज करतात, नवस बोलतात, सह्या करतात, दुसऱ्या गावी काय झाले ते ऐकतात. आणि उठतात तेव्हा बहुधा ठराविक वस्तूसाठी. मापभर तांदूळ, कर्जाचा एक कागद, उसाचा भाव. 'सरकार' हा शब्द त्यात पुष्कळ उशिरा येतो.

मी ज्या भिंतीला फेरी घातली ती 1787 ची नव्हे, हेही सांगून टाकतो. त्या फेऱ्यांनंतर आठ महिन्यांत, 1788 च्या मार्चमध्ये, क्योतोला प्रचंड आग लागली आणि राजवाड्यासह बहुतेक शहर जळाले. आजचा वाडा 1855 चा आहे. दक्षिणेच्या दरवाजाशी मी थांबलो, खिशात पाच येनचे भोकाचे नाणे होते ते चाचपले आणि जरा पुढे होऊन भिंतीजवळ गेलो. लगेच कुठूनतरी भोंगा वाजला आणि ध्वनिवर्धकातून एक बाई अगदी अदबीने काहीतरी बोलू लागली. भाची हसत म्हणाली, "मामा, मागे या. भिंतीच्या फार जवळ गेलात."