शुद्धिपत्र आणि कसर लागलेले पान

२०२३च्या जून महिन्यात माझ्या संगणकाने एक नवाच हट्ट धरला. रात्रभर अपडेट उतरवून घ्यायचे, सकाळी सुरू करताना निळ्या पडद्यावर टक्केवारी वाढवत न्यायची, साठाच्या पुढे कुठेतरी अडायचे आणि मग ‘अपडेट पूर्ण होऊ शकले नाही, केलेले बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाची ओळ दाखवायची. पाऊण तासाने संगणक होता तसा पुन्हा सुरू. हे चार महिने चालले.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी हिशेबाची केली आणि सुट्टीच्या दिवशी नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) तालुक्यांतून फिरून जुने कागद पाहत राहिलो. २००९पासून १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करू लागलो. खडी फोडायला गेलेली, तलावाच्या कामावर राबलेली, सुकडीवर आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेली माणसे बोलत आणि मी यंत्र समोर ठेवून ऐकत असे. अशी ६३ मुद्रणे झाली. त्यांतली निम्म्याहून अधिक माणसे आज हयात नाहीत. ही मुद्रणे आणि मोडी कागदांची सुमारे नऊ हजार छायाचित्रे एकाच हार्ड डिस्कवर होती. ‘एकाच’ हा शब्द मी आज लिहितो. तेव्हा तो मनातही आला नव्हता.

एका संगणकाच्या बिघाडाला संशोधन-लेखाच्या विभागात जागा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. पूर्वी आमच्यासारख्यांचे दप्तर रुमालात बांधलेले असे, आता ते डिस्कवर असते. रुमाल सोडला की वाळवी डोळ्यांना दिसते, कागदाचा वास येतो, बोटाला भुगा लागतो. डिस्कचा बिघाड असा दिसत नाही. तो कुठे आणि कसा दिसतो, हे कळायला मला चार महिने लागले.

पहिल्यांदा मी संगणक एका दुकानात नेला. तिथला मुलगा म्हणाला, “काका, नेटचा प्रॉब्लेम आहे.” नेट बदलले, अपडेट अडले. मग त्याने अपडेटच्या तात्पुरत्या फाइली पुसल्या, नंतर विंडोज नव्याने टाकले. दीड महिना बरा गेला आणि पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात व्हायरसचे निदान झाले. मधल्या काळात संगणक मंद झाला होता. एखादा फोल्डर उघडायला मिनिट लागे, आतून बारीक ‘टक्‌टक्‌’ ऐकू येई. संगणकाचे वय झाले, असे म्हणून मी ते सोडून दिले.

हे कोडे सुटायला अपडेट म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावे लागते. १९९८ साली विंडोज ९८बरोबर ‘विंडोज अपडेट’ ही सोय आली. ऑक्टोबर २००३पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकत्र देण्याची पद्धत पडली आणि २०१५च्या विंडोज १०पासून घरगुती वापरकर्त्याला त्या जवळजवळ सक्तीच्या झाल्या. या दुरुस्त्या बहुतेकांना नव्या पुस्तकासारख्या वाटतात: जुने काढले, नवे ठेवले. प्रत्यक्षात अपडेट हे बरेचसे शुद्धिपत्रासारखे असते. पृष्ठ १४२, ओळ ७, अमुक ऐवजी तमुक वाचावे. अनेकदा नवी फाइल संपूर्ण येत नाही. जुनी आणि नवी यांतला फरक तेवढा येतो आणि संगणक आपल्याकडची जुनी फाइल वाचून त्यावरून नवी तयार करतो. तयार झालेली फाइल बरोबर आहे ना, हे गणिती बेरजेने ताडून पाहिले जाते. बेरीज जुळली नाही तर सगळे काम रद्द होते आणि संगणक पूर्वस्थितीला परततो.

आता समजा, पृष्ठ १४२लाच कसर लागली आहे. शुद्धिपत्र कितीही अचूक असो, ते लावायचे कुठे? पुन्हा मागवा, दुसऱ्या छापखान्यातून मागवा, उपयोग नाही. माझ्या दोन्ही दुकानदारांनी शुद्धिपत्र बदलून पाहिले. पान कोणी पाहिले नाही.

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नसावी. नेवाशाला प्रवरेच्या काठी शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती मूळ प्रत आज नाही. नकलेवरून नक्कल होत गेली, लेखकांचे हात चुकत गेले, कोणी आपले शब्द घातले. शके १५०६मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध केला, तेव्हा प्रती जमवून, ताडून, मग दुरुस्ती केली. आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. आधी प्रती, मग ताडणी, शेवटी दुरुस्ती, हा क्रम महत्त्वाचा आहे. माझ्या संगणकावर नेमका उलटा क्रम चालला होता.

डिस्कच्या आत काय घडते, तेही थोडक्यात सांगतो. पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली रामॅक या यंत्राबरोबर आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे. आजच्या डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. एवढ्या बारीक कामात चुका होणारच. म्हणून प्रत्येक तुकड्याबरोबर, ज्याला सेक्टर म्हणतात, चूक ओळखण्याची आणि सुधारण्याची जादा अक्षरे लिहिलेली असतात.

या जादा अक्षरांचा जनक रिचर्ड हॅमिंग. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शनिवार-रविवारी त्यांचे गणित यंत्रावर लावलेले असे. देखरेखीला माणूस नसे. यंत्राला चूक सापडली की ते गणित सोडून पुढच्याला हात घाली. सोमवारी हाती काही नाही. यंत्राला चूक कळते, तर ती कुठे आहे हे कळून सुधारता का येऊ नये, या वैतागातून त्यांची १९५०ची प्रसिद्ध पद्धत निघाली. माझ्या चार महिन्यांच्या सकाळी आठवल्या की मला हॅमिंग आपल्यातले वाटतात.

पण या सोयीची दुसरी बाजू आहे. डिस्क आपल्या चुका आपणच सुधारते आणि आपल्याला सांगत नाही. वाचता येईना तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. त्यानेच संगणक मंद वाटतो. तुकडा फारच बिघडला तर त्याला संशयितांच्या यादीत घालते आणि पुढे त्यावर लिहायची वेळ आली की राखीव जागेतला तुकडा वापरते. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने दुखणे अंगावर काढावे, तसे हे चालते. रोजच्या कामात आपण ठराविक फाइलीच उघडतो, म्हणून बिघडलेल्या जागेवर पाय पडत नाही. अपडेट मात्र हजारो जुन्या फाइली, कधी न वाचलेल्यासुद्धा, वाचून काढते. म्हणून मरू घातलेल्या डिस्कची पहिली तक्रार पुष्कळदा फसलेल्या अपडेटच्या रूपाने येते.

हे मला कळले ते पुण्यात संगणकाचे काम करणाऱ्या भाच्यामुळे. फोनवर सगळे ऐकून त्याने एकच विचारले, “मामा, दर वेळी साधारण त्याच टक्क्यावर अडते का?” मी हो म्हणालो. “मग आता काही दुरुस्त करू नका. आधी कॉपी काढा.”

त्याने सांगितलेली तपासणी कोणालाही करता येईल, म्हणून क्रमाने देतो. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची रोजनिशी असते. तिच्या ‘सिस्टीम’ भागात ‘डिस्क’ या नावाने ७ क्रमांकाच्या नोंदी असतील, तर डिस्कवर खराब तुकडा सापडला, असा त्यांचा अर्थ. माझ्याकडे त्या होत्या. म्हणजे रोजनिशीत सगळे लिहिलेले होते, वाचणारा नव्हता. ही चूक माझ्या धंद्यात अक्षम्य आहे.

दुसरी तपासणी ‘स्मार्ट’ची. १९९०च्या दशकात डिस्क बनवणाऱ्यांनी डिस्कला स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवायला शिकवले, तिचे हे नाव. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने ती वाचता येते. ५ क्रमांकाची नोंद बदललेल्या तुकड्यांची, १९७ संशयित तुकड्यांची, १९८ सुधारता न येणाऱ्यांची. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो आणि थोड्या पैशांत काम भागते. माझी १९९ शून्य होती. ५ या नोंदीत ३१२ आणि १९७मध्ये ४८ होते. गूगलने एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की तपासणीत पहिली वाचन-चूक आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे इशारा आला तर खरा मानावा. आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

तिसरी गोष्ट पथ्याची. अशा वेळी पुष्कळजण ‘चेकडिस्क’ चालवतात. त्याने आजारी डिस्कवर ताण पडतो आणि फाइलींची मोडतोडही होऊ शकते. विंडोज पुन्हा टाकणे म्हणजे त्याच डिस्कवर आणखी लिहिणे. हे दोन्ही उपाय प्रत काढून झाल्यावरच करावेत. आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि डीडीरेस्क्यू या साधनाने प्रत काढली. ते आधी सरळ वाचता येणारा भाग उचलते, अडचणीच्या जागा मागे ठेवते आणि कुठवर आलो याची नोंद ठेवते. ३१ तास लागले. मग नव्या डिस्कवर विंडोज टाकले. चार महिने अडलेले अपडेट वीस मिनिटांत झाले. अपडेटमध्ये कधीच दोष नव्हता.

माझ्या या अनुभवाची मोठी आवृत्ती महाराष्ट्राने पाहिली आहे. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात ७० गावांत संगणक नेण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याला उसाच्या वजनाची आणि बिलाची माहिती गावातच मिळू लागली. २००७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी तिथल्याच ७ गावांत ८ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक आवडले. संगणक आणून बसवण्याचा दिवस एक असतो. तो सांभाळण्याचे दिवस पुढे रोज असतात.

याउलट एक चांगले उदाहरण सातबाऱ्याचे. संगणकावर चढवलेला सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे पाहण्यासाठी २०१७ साली राज्यात गावोगावी चावडीवाचन झाले. गावासमोर नोंदी वाचायच्या, ज्याची चुकली त्याने उठून सांगायचे. त्यानंतरच्या वर्षी डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. सगळ्या चुका गेल्या असे नाही. पण नवी मोहोर उठवण्याआधी खालचे पान वाचून घ्यावे, हे शहाणपण त्यात होते.

माझ्या ६३ मुद्रणांपैकी ६२ सुखरूप निघाली. राहिलेले पारनेर तालुक्यातील एका आजींचे. ते ४१ मिनिटांचे होते, त्यातली पहिली १७ मिनिटे ऐकू येतात. तलावाच्या कामावर असताना घरी ठेवलेल्या तान्ह्या मुलाबद्दल त्या सांगू लागतात आणि तिथे आवाज तुटतो. पुढे काय झाले, ते मी एकदा ऐकले आहे. मला ते जसेच्या तसे आठवत नाही. आजी २०१६मध्ये गेल्या. मी त्यांच्या घरी गेलो, कदाचित त्यांच्याकडे प्रत असेल म्हणून. त्यांच्या सुनेने चहा दिला आणि म्हणाल्या, “दादा, तुम्ही शिडी देतो म्हणाला होता. त्या लई दिवस वाट बघत होत्या.”

मी सीडी द्यायची राहून गेली होती. ती दिली असती, तर आज पाठ पुरा असता.

गेल्या वर्षापासून मी प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या माणसाचे मुद्रण पेनड्राइव्हवर नेऊन देतो आहे. ४९ घरे झाली. शेवगाव-पाथर्डीकडची तेरा राहिली आहेत; दिवाळीला माणसे घरी असतात, तेव्हा तिकडे जाणार आहे. पारनेरच्या घरी १७ मिनिटेच पोचवली. सुनेने ती मोबाइलवर लावली, आणि आवाज तुटल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावली.