वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश बायका

दुसरे महायुद्ध म्हटले की आपल्याला हिटलर आठवतो, फार तर हिरोशिमा. पण त्या युद्धाने घरदार गेलेल्या सुमारे पाच हजार पोलिश माणसांनी आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ एवढा काळ चुली मांडल्या होत्या. त्यात बहुतेक बायका आणि मुलेच. शाळेत आपल्याला हे कुणी शिकवले नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचा पश्चिम भाग जर्मनीने गिळला आणि पूर्वेकडचा सोव्हिएत रशियाने. मग १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत रशियन शिपायांनी पूर्वेकडच्या गावागावांतून दारे ठोठावली. सामान बांधायला कुणाला अर्धा तास मिळाला, कुणाला थोडा जास्त. पुढे त्या मुलांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्या वाचताना माझे लक्ष सारखे एकाच गोष्टीकडे जाते, आईने काय उचलले? कुणी पिसांच्या रजया घेतल्या, कुणी पीठ, कुणी शिवणयंत्र. जिने अंगावरचे दागिने घेतले तिच्यापेक्षा रजयावाली शहाणी ठरली, असे मला वाटते. मालगाडीच्या डब्यात कोंबून कित्येक आठवडे प्रवास, आणि शेवटी सायबेरियातले नाहीतर उत्तर रशियातले जंगल. झाडे तोडायची, ठरलेले काम पुरे झाले तर पावाचा पुरता वाटा. आजारी पडले, की पाव कमी. मग ती रजई, ते कपडे एकेक करून बटाट्यांसाठी गेले.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला. आता रशियाला पोलिश लोकांची गरज पडली, म्हणून त्यांना ‘माफी’ देण्यात आली. गुन्हा कोणता केला होता, ते कुणी सांगितले नाही! तिथेच जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. त्या सैन्याच्या आधाराने १९४२ मध्ये एक लाखाहून जास्त माणसे, सैनिक आणि त्यांची कुटुंबे, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. उवा आणि टायफसमुळे कपडे जाळले, बायकांचीही डोकी भादरली.

आणि तिथे एक विपरीत घडले. दोन वर्षे उपाशी राहिलेल्यांना पोटभर, तेलकट-तुपकट अन्न मिळाले आणि कितीतरी जण ते खाऊनच दगावले. हे वाचताना मी थबकले. दशलक्षणात दहा दिवसांचा उपवास केलेल्या बाईला पारण्याला मुगाचे पाणी का देतात, पहिल्याच घासाला पुरणपोळी का नाही, हे आपल्या घरातल्या पोरीही सांगतील. पण आपला उपवास आपल्या इच्छेचा असतो, आणि पारण्याला चार माणसे जपायला असतात.

इराणहून कराची आणि तिथून वळिवडे. खर्च लंडनमधून चालणारे पोलंडचे सरकार करत असे. लांब बराकींत प्रत्येक कुटुंबाला आपली जागा, आपली चूल. शाळा, इस्पितळ, चर्च, नाटकाचा रंगमंच सगळे उभे राहिले. मुलांना बहुधा तिथले दिवस सुखाचे वाटले. बायकांचे मात्र अर्धे लक्ष टपालाकडे. त्यांचे नवरे, मोठी मुले अँडर्सच्या सैन्यात. मे १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोचा डोंगर पोलिश सैन्याने जिंकला, तेव्हा छावणीत आनंद झाला असेल, आणि काही दारांत रडारडही झाली असेल.

युद्ध संपले. जिंकणाऱ्यांच्या बाजूला असूनही या बायकांना परत जायला घर उरले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला मोठ्या तिघांनी नकाशा आखला आणि त्यांची गावे रशियाकडे राहिली. हा भाग मला सगळ्यात जड जातो. सायबेरियात निदान ‘घरी जाऊ’ हा धीर होता. मग कुणी इंग्लंडला गेले, कुणी आफ्रिकेत, कुणी ऑस्ट्रेलियात. एक मुलगी कोल्हापुरातच लग्न करून राहिली. काही जणांची माती इथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत आहे. महावीर उद्यानात फिरायला जाता ना? तिथला स्मारकस्तंभ याच लोकांच्या आठवणीचा आहे.

१९४८ मध्ये बराकी रिकाम्या झाल्या, आणि लवकरच फाळणीत घर गेलेली सिंधी कुटुंबे तिथे राहायला आली. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातो ते गांधीनगर म्हणजे तीच जागा.