गिरणगावातील खानावळ: झणझणीत ताटामागची उधारी

मुंबईत झणझणीत मालवणी जेवण शोधणारा खवय्या आज हमखास दादर-परळकडे वळतो. हा परिसर एकेकाळी गिरणगावात मोडत असे, आणि तेथे ही चव हौसेची बाब नव्हती.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढील काळात कोकणातून आणि घाटावरून आलेले असंख्य कामगार येथे एकटेच राहत, कुटुंब गावी. जेवण खानावळीत, म्हणजे बहुधा चाळीतल्या एखाद्या बाईच्या एकखणी घरात. कोणाला तिरफळाचा वास असलेले बांगड्याचे कालवण हवे, तर कोणाला भाकरी आणि ठेचा. गावची चव देईल ती खानावळ आपली!

हिशेब महिन्याचा असे. पगार होईपर्यंत कामगार उधारीवर जेवत. तोवर बाईची चूल वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या जबर व्याजावर पेटती राही. संप लांबला की कामगारांइतकीच तीही बुडत असे. कामगारलढ्यांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे ठळक आहेत, या बायकांची क्वचितच; ही उणीव अक्षम्य म्हणावी लागेल.

१९७५ मध्ये कामगार चळवळीतील प्रेमाताई पुरव यांनी १४ खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराला पर्याय मिळाला; अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांपैकी अनेकांना पुन्हा कामावर जाता आले नाही. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि महिन्याच्या बोलीवर जेवणारी माणसेही पांगली.