निवड कोणाची?

श्रोतेहो, आपल्या छत्रपती संभाजीनगरांत, तेव्हांच्या औरंगाबादेंत, १९५० सालीं महाविद्यालय काढणारे डॉ. आंबेडकर स्वतः परदेशीं कसे शिकले?

अमेरिका त्यांनीं निवडली नव्हती. बडोद्याचे सयाजीराव महाराज कांहीं विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविणार होते. १९१३ सालीं करार झाला : तीन वर्षें शिष्यवृत्ति, मग दहा वर्षें संस्थानची चाकरी. तेथें अर्थशास्त्राच्या जोडीस त्यांनीं समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्रही अभ्यासिलें.

लंडन मात्र त्यांचें स्वतःचें. १९१६ सालीं तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयांत आणि बॅरिस्टरीसाठीं ग्रेज इनमध्यें, अशीं दोन्हीकडे नांवें घातलीं. पण शिष्यवृत्ति सरली. १९१७ त अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. कराराप्रमाणें बडोद्यास रुजू झाले, तों अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना! वर्गांत हा भाग सांगतांना माझा आवाज नेहमींच अडखळे.

मग मुंबईस प्राध्यापकी केली, पै पै सांठविली. शाहू महाराजांचें साह्य व एका मित्राचें कर्ज घेऊन १९२० सालीं पुनः लंडन गांठलें. १९२३ त डी. एस्‌सी. झाले. या खेपेस चाकरीचा करार नव्हता.