अंगणवाडीतील आहार व खेळ

अंगणवाडी, बालवाडी, पाळणाघर यांसारख्या केंद्रांत सहा वर्षांखालील मुलांना मिळणारे अन्न आणि तेथे त्यांना मिळणारी हालचालीची, खेळण्याची संधी यांचा एकत्रित विचार. या वयात शरीर, मेंदू आणि सवयी एकाच वेळी घडत असतात. भूक लागेल इतके खेळणे आणि खेळता येईल इतके खाणे या दोन गरजा त्यामुळे परस्परांवर अवलंबून असतात. भारतात हे काम मुख्यतः एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या अंगणवाड्यांमार्फत चालते. देशात सुमारे १४ लाख, तर महाराष्ट्रात १ लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा पाया ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी घातला. ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ साली झाली. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९५७ मध्ये तो डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेला. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकाच पाड्यावर जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, गाणी म्हणणे आणि खेळ घेणे हा त्यांच्या कामाचा क्रम होता. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शंख-शिंपले वापरले गेले. मुलाची स्वच्छता, आरोग्य, खेळ आणि शिक्षण वेगवेगळ्या खात्यांत वाटता येत नाही, ही या प्रयोगामागची धारणा होती. अंगणवाडी ही संकल्पनाही याच कामातून आली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण या सहा सेवा तिच्यात एकत्र आल्या. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या अन्नहक्काच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले. पूरक आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत असे न्यायालयाने २००४ मध्ये बजावले आणि २००६ मध्ये योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्यास सांगितले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने हा आहार मुलांचा कायदेशीर हक्क ठरवला.

आहाराचे निकष : सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. तीव्र कुपोषित मुलासाठी तो ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने असा आहे. २००९ पूर्वी सर्वसाधारण मुलासाठी ३०० कॅलरींचाच निकष होता. वर्षातून ३०० दिवस आहार देणे अपेक्षित असते. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १,३५० कॅलरी धरली, तर अंगणवाडी तिच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग उचलते. हा आहार पूरक आहे. घरचे जेवण कमी करून त्याची जागा त्याने घेणे अभिप्रेत नाही.

तीन वर्षांखालील मुलांना शिधा घरी दिला जातो, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना केंद्रातच सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो. २०१७ मध्ये आहारखर्चाचा दर सर्वसाधारण मुलामागे दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये ठरला. २०२३ मध्ये अधिनियमाचे परिशिष्ट सुधारून कॅलरी-प्रथिनांच्या जोडीला सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि आहारातील विविधता यांनाही स्थान देण्यात आले. नुसत्या तांदूळ-डाळीच्या खिचडीने कॅलरींचा हिशेब जुळतो. लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व यांसाठी मात्र तिच्यात भाजी लागते, शेजारी लिंबाची फोड किंवा फळ लागते.

थाळी आणि सवयी : महाराष्ट्रात गरम आहार बहुतेक ठिकाणी महिला बचत गट शिजवतात. खिचडी, मोड आलेल्या मटकीची वा मुगाची उसळ, लापशी, शेंगदाणा-गुळाचा लाडू हे त्यातील परिचित पदार्थ होत. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कडधान्याला मोड आणल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषले जाण्यातील अडथळा कमी होतो. जेवणाबरोबर चहा दिल्यास हाच लाभ घटतो.

लहान मुलाचे पोट लहान असते. वर्षाच्या मुलाच्या जठरात एका वेळी पाव लिटरच्या आसपासच अन्न मावते. पातळ पेज पिऊन त्याचे पोट भरते, गरज भागत नाही. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घट्ट लापशीत घातले की ती सैल होते. पाणी न वाढवता मूल ती गिळू शकते आणि तेल-गूळ घालून तिची ऊर्जाही वाढवता येते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारीएवढे टणक तुकडे श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असल्याने लहान मुलांना ते कूट करून किंवा शिजवूनच द्यावेत. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे, हे आजच्या बालपोषणशास्त्रातील मान्य सूत्र आहे. नवा पदार्थ आवडू लागण्यासाठी तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावा लागतो. पहिल्याच दिवशी मुलाने शेवग्याची भाजी बाजूला सारली म्हणून ती बंद करणे चुकीचे ठरते. ताट संपवले म्हणून बिस्किट देण्याने भाजी शिक्षा आणि बिस्किट बक्षीस बनते. सेविका आणि मदतनीस मुलांबरोबर पंगतीत बसून तेच अन्न खातात, तेव्हा मुले अधिक सहजपणे खातात.

महाराष्ट्रातील विशेष प्रयत्न : राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथून सुरू झाले. देशातील हे पहिले राज्यस्तरीय पोषण मिशन. तीव्र कुपोषित मुलांसाठी गावातच दिवसातून अनेक वेळा आहार आणि देखरेख पुरवणारी ग्राम बालविकास केंद्रे भरवण्यात आली. आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळू लागले. पुढच्या टप्प्यात मुलांना अंडी आणि शाकाहारी मुलांना केळी देण्याची तरतूद झाली.

वाढीचे मोजमाप : अंगणवाडीत मुलांचे वजन-उंची नियमितपणे घेतली जाते. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास मूल तीव्र कुपोषित (सॅम), ११५ ते १२५ मिलिमीटरदरम्यान असल्यास मध्यम कुपोषित (मॅम) समजतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश, तर ३६.१ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची होती. याच सर्वेक्षणात जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण मागील फेरीतील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलेले आढळले. म्हणजे एकाच राज्यात कुपोषण आणि लठ्ठपणा शेजारी शेजारी नांदत आहेत.

खेळाचे स्थान : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यांतील किमान ६० मिनिटे धाप लागेल अशा खेळाची असावीत. याच वयाला १० ते १३ तास झोप हवी आणि पडद्यासमोरचा वेळ तासाभरापेक्षा अधिक नको. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये. न चालणाऱ्या तान्ह्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पोटावर खेळू द्यावे.

खेळ वयाला धरून निवडावे लागतात. तीन वर्षांचे मूल पळते आणि दोन्ही पायांनी उडी मारते. चौथ्या वर्षी ते क्षणभर एका पायावर तोल सांभाळते आणि पाचव्या वर्षाच्या आसपास त्याला लंगडी जमू लागते. आगगाडी, शिवाशिवी, डोंगर की पाणी, मामाचे पत्र हरवले, चेंडूची फेकाफेक हे खेळ बिनखर्चाचे आहेत. मात्र ‘बाद’ होण्याचा नियम या वयात टाळलेला बरा. ज्याला पळण्याचा सराव सर्वांत कमी, तेच मूल आधी बाद होते आणि उरलेला वेळ बसून राहते. जागा तोकडी असेल किंवा पावसाळा असेल, तर प्राण्यांच्या चाली, अभिनयासह बडबडगीते, खडूने आखलेल्या चौकटींतील उड्या असे खेळ खोलीतही घेता येतात.

परस्परसंबंध : आहार आणि खेळ यांच्या नात्याचा ठळक पुरावा जमैकातून मिळाला. किंग्स्टन येथे सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर अभ्यास सुरू केला. काहींना पूरक आहार, काहींना आरोग्यसेविकेमार्फत घरी नियमित खेळ, काहींना दोन्ही देण्यात आले. दोन वर्षांनंतर दोन्ही मिळालेल्या मुलांचा विकास सर्वांत चांगला झाला होता. वीस वर्षांनंतरच्या पाहणीत खेळाचा लाभ झालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळली. केवळ आहाराचा परिणाम तितका टिकला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तीव्र कुपोषणावरील उपचारांच्या दहा पायऱ्यांतही नववी पायरी मायेचा सहवास आणि खेळातून मिळणारी चालना हीच आहे. कुपोषित मूल दुबळे आहे म्हणून त्याला कोपऱ्यात बसवून ठेवणे हे त्यामुळे उपचाराच्या विरुद्ध जाते.

पाळणाघरे : कारखाना अधिनियम, १९४८ नुसार ३० हून अधिक स्त्रिया काम करतात तेथे आणि मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय बंधनकारक करण्यात आली. बांधकामांवरील मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत मोबाइल क्रेशेस हे काम सुरू केले. पुढे ते मुंबईतही पोहोचले. शहरी खाजगी पाळणाघरांची अडचण अंगणवाडीहून वेगळी असते. तेथे डब्यात वेफर, बिस्किटे आणि गोड पेये येतात, मुले सदनिकेत कोंडलेली असतात आणि शांत ठेवण्यासाठी दूरचित्रवाणी लावली जाते. डब्याचे आठवडी वेळापत्रक पालकांबरोबर ठरवणे आणि रोज संध्याकाळी मुलांना इमारतीच्या आवारात नेणे हे दोन उपाय कोणत्याही पाळणाघराला परवडणारे आहेत.

मूल्यमापन : शहरांतील अनेक अंगणवाड्या भाड्याच्या लहान खोल्यांत भरतात. घरी दिल्या जाणाऱ्या पाकीटबंद आहाराची चव मुलांना आवडत नाही अशा तक्रारी वारंवार होतात. सेविकेवर नोंदी, सर्वेक्षणे आणि मोबाइलवरील माहिती भरण्याचा भार असतो. आहाराला कायद्याने ठरवलेला कॅलरींचा आकडा आहे आणि तो न पाळल्यास जाब विचारता येतो. खेळाच्या मिनिटांना कायद्यात तसा आकडा नाही, त्यामुळे वेळ वा जागा अपुरी पडली की आधी खेळ गळतो. जमैकातील अनुभव पाहता, ताटाइतकाच मुलांच्या खेळाचाही हिशेब मागितल्याशिवाय अंगणवाडीचे काम पूर्ण होत नाही.